आबांच्या जागी गवत

फोटोतून नको ते काढणं हा माझा धंदा आहे. सोलापुरातल्या एका स्टुडिओत संगणकासमोर बसून मी बरीच वर्षं हेच करते आहे. लग्नाच्या फोटोत नवरीमागे उभा असलेला गॅसचा सिलिंडर काढायचा, बारशाच्या फोटोतली लोंबणारी वायर काढायची, साखरपुड्यात पुढे पुढे केलेला आणि नंतर भांडून गेलेला मेहुणा काढायचा. कधीकधी घालायचंही असतं. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन घरचे येतात, त्याच्या अंगात बनियन असतो, मग मी त्याला कोट चढवते. जन्मात ज्यांनी कोटाला हात लावला नाही अशा कितीतरी म्हाताऱ्यांना मी भिंतीवर कोटात बसवलंय. अजून त्यांच्यातल्या कुणाची तक्रार आलेली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या स्टुडिओला एका प्राणिसंग्रहालयाचं काम मिळालं. पिंजऱ्यांपुढे नवे माहितीफलक लावायचे होते आणि प्रत्येक फलकावर त्या प्राण्याचा मोठा फोटो हवा होता. फोटोग्राफर जाऊन फोटो घेऊन आला आणि साफसफाईसाठी ते सगळे माझ्यापुढे आले. तिथल्या साहेबांची सूचना सरळ होती: प्राणी रानात आहे असं वाटलं पाहिजे. म्हणजे गज नकोत, जाळी नको, पाण्याचं टाकं नको, निळा पाइप नको, कुणी फेकलेलं वेफर्सचं पाकीट नको, काचेत उमटलेली बघ्यांची तोंडं नकोत. आणि आबा नकोत.

आबा म्हणजे माझे वडील. ते त्याच प्राणिसंग्रहालयात कामाला होते. प्राण्यांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे, आजारी जनावराजवळ बसून राहायचं, हे त्यांचं काम. फोटोग्राफर पहिल्या दिवशी हात हलवत परत आला होता, कारण एकही प्राणी त्याच्याकडे तोंड करेना. आबा दिसले की मात्र सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. मग दुसऱ्या दिवशी त्याने आबांनाच कॅमेऱ्याशेजारी उभं केलं. पण आबांचा पाय एका जागी ठरत नाही. हरणाच्या फोटोत त्यांची खाकी बाही आली, सांबराच्या फोटोत बादली आणि बादली धरलेला हात आला, अस्वलाच्या फोटोत तर अस्वलापेक्षा आबाच जास्त होते. स्टुडिओचे मालक जरा अवघडून म्हणाले, "ताई, तुमचे वडील आहेत खरे, पण काढावे लागतील."

"काढते की," मी म्हटलं. "त्यात काय?"

खरंच त्यात काही नव्हतं. शेजारचं गवत उचलायचं आणि आबांवर पेरत जायचं. पायापासून सुरुवात केली की चहा निवायच्या आत माणूस नाहीसा होतो. सावली तेवढी आठवणीने काढावी लागते. गजांचं काम त्याहून चिकट. गज तोंडावरून गेलेला असला तर त्याच्याखालची कातडी, केस, डोळ्याची कड, सगळं इकडून तिकडून आणून जुळवावं लागतं.

सिंहिणीचा फोटो असाच होता. थंडीतल्या सकाळचा, तिच्या रात्रीच्या कोठडीतला. ती गजांना गाल टेकून पडलेली, गजांच्या अलीकडे आबा उकिडवे बसलेले, आणि तिच्या अंगाखाली काड्या चिकटलेलं एक काळपट, मळकं कापड. साहेबांना तिच्या तोंडावरचा भाव आवडला होता. मी गज काढले, आबा काढले, ते पोतेरं काढलं आणि सिंहिणीला हिरव्या गवतावर आणून निजवलं. फलकावर ती फार झोकात दिसली.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहतो आणि आबांचं घर आमच्याच ओळीत आहे. त्या दिवसांत मी संध्याकाळी परतले की आबा दारातल्या कट्ट्यावर बसलेले असायचे.

"आज कुटनं काडलंस मला?"

"सांबराजवळून."

"सांबर नीट दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"मग झालं."

एकदा मात्र त्यांनी वेगळंच विचारलं. "आगं, काडलेलं जातं कुटं?"

"कुठं जात नाही, आबा. मूळ फोटो आम्ही पुसत नाही, तो बाजूला तसाच ठेवलेला असतो. त्यात तुम्ही आहातच."

"बादली बी?"

"बादलीसुद्धा."

त्यांना बरं वाटलं. बादली नवीकोरी होती.

फलकावर आपण दिसावं अशी आबांची हौस मुळीच नव्हती. आयुष्यात त्यांना एकाच माणसाला काहीतरी दाखवायचं होतं, आणि तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या.

आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं, पाऊस नेहमी पुढच्या गावात पडतो अशातलं. घरात मेंढरं. दोघे भाऊ लहानपणापासून कळपामागे हिंडलेले. आबांना प्राणिसंग्रहालयात नोकरी लागली तेव्हा तात्यांनी आदळआपट केली नाही. निघायच्या सकाळी त्यांनी स्वतःच्या अंगावरची घोंगडी धाकट्याच्या खांद्यावर टाकली आणि पाठ फिरवून ते मेंढरं घेऊन गेले. पण धाकट्याने कळप सोडला हे त्यांना कधी पचलं नाही. गावात कुणी आबांची चौकशी केली की तात्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्यो व्हय? त्यो तितं झाडू मारतो." आम्ही सणाला गेलो आणि आबा सिंहिणीचं काही सांगायला लागले की तात्या मधेच तोडायचे, "सिंहिणीचं ऱ्हाऊ दे. माजी घोंगडी कुटं हाय? तुज्या घरात कदी दिसली न्हाय ती."

"हाय की, कामावर हाय," आबा म्हणायचे.

"इकून खाल्ली आसंल," तात्या म्हणायचे, आणि विषय संपायचा.

आबांना हे फार झोंबायचं. झाडू तर ते मारायचेच, त्याची त्यांना लाज नव्हती. पण आपला भाऊ जनावरं सोडून शहरात केर काढायला गेला, ही तात्यांची समजूत त्यांना एकदा मोडायची होती. मरायच्या आधी मोडायची, असं म्हणायचे. कुणाच्या मरायच्या आधी, ते सांगायचे नाहीत.

फलक लागले तेव्हा आबांना वाटलं, आता झालं काम. घरी कुणी पाहुणा आला की ते त्याला प्राणिसंग्रहालयात घेऊन जायचे. हरणाच्या फलकापुढे उभं राहून मोकळ्या गवतावर बोट ठेवायचे आणि सांगायचे, "हितं मी हाय." अस्वलाच्या फलकावर एका झुडपावर बोट ठेवायचे, "हितं बी." पाहुणे मान डोलवायचे. एका फलकावर मी त्यांची सावली काढायची विसरले होते. ती चूक साहेबांना दिसली नाही, मालकांना दिसली नाही, आबांना मात्र पहिल्याच दिवशी सापडली. "ही ऱ्हायली की गं," म्हणाले, आणि दिवसभर खुशीत होते. दुरुस्त करून नवा फलक लावू का, विचारलं तर नको म्हणाले.

पुढे सिंहीण म्हातारपणाने गेली. मग आबाही निवृत्त झाले.

गेल्या हिवाळ्यात तात्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि ते ऑपरेशनला सोलापूरला आले. ऑपरेशन झाल्यावर आबांकडेच राहिले. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा घालून ते कट्ट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आता मला मुंगीचं पाय बी दिसत्यात." आबांनी ही संधी सोडली नाही. डॉक्टरांनी हिंडायची मोकळीक दिल्याबरोबर त्यांनी रिक्षा ठरवली. रविवार होता, मीही बरोबर गेले.

आबा त्या दिवशी नवा सदरा घालून आले होते. गेटवरच्या माणसाने त्यांना वाकून नमस्कार केला, तो तात्यांनी पाहावा म्हणून आबांनी मुद्दाम त्याला दोनदा हाक मारली. मग हरणाच्या फलकापाशी नेलं.

"दादा, बग. हितं मी हाय."

तात्या वाकले. चष्मा वर केला, पुन्हा वाकले. "हितं तर गवत हाय."

"त्या गवतात मी हुतो. पोरीनं काडलं."

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते पुढे चालू लागले. अस्वलापाशी झुडूप निघालं. सावलीच्या फलकापाशी आबांचा आवाज जरा चढला होता. "ही बग, ही तर माजी सावली हाय की."

"झाडाची आसंल," तात्या म्हणाले. मग सिंहिणीच्या रिकाम्या पिंजऱ्यापुढे जरा वेळ उभे राहिले. आत पालापाचोळा पडला होता. "धाकल्या," ते म्हणाले, "जागा झाडून मातूर चांगली ठिवायचास आसशील." त्यांनी ते वाईटपणाने म्हटलं नाही, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

रात्री आबांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. मला तात्यांचा भयंकर राग आला. ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस म्हणून मी तोंड आवरलं, पण फार वेळ आवरता आलं नाही. "तात्या, मूळ फोटो आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "आबा आणि सिंहीण, दोघंही आहेत त्यात. उद्या आणून दाखवते. मग तर खरं मानाल?"

"आण की," तात्या म्हणाले. "डोळं नवंच हायत."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी तो फोटो शोधून उघडला. तात्यांच्या डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे, असं मनात घेऊनच बसले आणि हात नेहमीच्या कामाला लागला. आबांना अर्थातच ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला, सदऱ्याच्या चुण्या घालवल्या. पाइप काढला, पाकीट काढलं, पोतेरं काढलं, तोंडाआड येतात म्हणून गज काढले. मोठा प्रिंट काढून आबांकडे नेला. मनात म्हटलं, आता बोला.

तात्यांनी प्रिंट मांडीवर घेतला. "ह्यो धाकल्या."

"हो."

"आन् ही सिंहीण."

"हो."

"आन् मदी काय बी न्हाय." त्यांनी मान हलवली. "आसं कोण बसतंय व्हय सिंहिणीम्होरं? खाल्लं नसतं त्येला? तू चिकटिवलंस त्येला हितं."

"तात्या, हा खरा फोटो आहे!"

"माज्या नातवानं परवा मोबाइलवर मला हेलिकॉप्टरात बसिवलं. फेटा बी बांदला. त्यो बी खराच हाय व्हय?" आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "पर काम झ्याक करतीस हां."

मी आबांकडे पाहिलं. ते आतापर्यंत दाराला टेकून उभे होते. ते जवळ आले आणि त्यांनी फोटो पाहिला.

"गज कुटं गेलं?"

"काढले, आबा."

"का?"

गज काढायचे असतात म्हणून काढले होते.

"गज हुतं म्हणून तर ती गाल लावायची," आबा म्हणाले. रागावले नाहीत. नळाला पाणी आलंय का बघतो म्हणाले आणि बाहेर गेले. पाण्याची वेळ नव्हती. मला रडू आलं, आणि तात्यांच्या समोर रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. तात्या म्हणत होते ते बरोबरच होतं. तो फोटो खोटाच दिसत होता, आणि तो मी माझ्या हाताने खोटा केला होता.

तात्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने गावाकडे निघणार होते. सकाळी मी कुलूप उघडायच्या वेळेलाच स्टुडिओत गेले आणि मूळ फोटोला कशालाही हात न लावता प्रिंट काढला. उजेड कमी होता, तो तसाच ठेवला. कडेला पाइप होता, बादली होती, पाकीट होतं. आबांच्या केसांत वाळल्या गवताची एक काडी अडकली होती, तीसुद्धा ठेवली. बघवत नव्हता इतका गबाळा फोटो होता.

घरी पोचले तेव्हा तात्यांनी पिशवी बांधून पायाशी ठेवली होती. आई शिदोरी बांधत होती. आबा दुरून बघत होते, यायला तयार नव्हते.

तात्यांनी फोटो घेतला. आधी गजांवरून बोट फिरवलं. "हां," म्हणाले, "हे गज. आता कसं." मग आबांचा चेहरा पाहिला, मग सिंहिणीचा. मग त्यांचं बोट खाली उतरून तिच्या पोटापाशी थांबलं. त्यांनी चष्मा काढला.

"हे काय हाय?"

"ते पोतेरं असेल, तात्या. मागच्या वेळी मी काढलं होतं."

"पोतेरं?" तात्यांचा आवाज असा चढला की शेजारची बाई दारात आली. "आगं, पोतेरं कुणाला म्हंतीस? ही माजी घोंगडी हाय! ह्यो कोपरा बग. फाटला हुता, म्या दाभणानं शिवलाय, पांढऱ्या लोकरीनं. ह्यो टाका माजा हाय."

मी वाकून पाहिलं. गजांमधून बाहेर आलेल्या कोपऱ्यावर पांढरे, वेडेवाकडे टाके होते. मी ते किती मोठे करून पाहिले होते आणि दोन्ही वेळा पुसले होते.

"धाकल्या!" तात्यांनी हाक मारली. आबा आले. "माजी घोंगडी त्या सिंहिणीखाली घातलीस?"

"म्हातारी झाली हुती, दादा," आबा म्हणाले. "फरशी लई गार. रातभर कुडकुडायची."

"मग गोणपाट टाकायचं हुतं."

"टाकलं. फाडून टाकलं तिनं. घोंगडी मातूर फाडली न्हाय. धुवायला वडली की गुरगुरायची."

"सोडत न्हवती?"

"न्हाय. गेली तवा तिच्यासंगंच दिली."

तात्यांनी त्या टाक्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. "इतकी वर्सं इचारतोय, सांगितलं का न्हाईस?"

"तू रागावला आसतास."

"आता बी रागावलोयच की." पण आवाज खाली आला होता. त्यांनी आबांकडे न बघताच विचारलं, "थंडीत कोकरू गारठलं की काय करायचो रं आपुन?"

"घोंगडीत घालायचो."

"आन् आपुन?"

"उगडंच बसायचो की, शेकोटीला."

तात्यांनी मान डोलवली. "म्हंजे तितं बी तेच करत हुतास." एवढंच म्हणाले. आबांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि ते पुसतच राहिले.

आदल्या दिवशीचा झकपक प्रिंट तात्यांनी माझ्या हातात परत दिला. गबाळा मात्र धोतराच्या घडीत ठेवून पिशवीत घातला. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "पोरी, लई पुसू नगंस गं." मी हो म्हटलं. धंदा धंद्याच्या जागी चालूच आहे.

यंदा उन्हाळ्यात गावाकडे एक लग्न होतं म्हणून आम्ही सगळे गेलो. तात्यांच्या सोप्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या शेजारी, तो फोटो चौकटीत लावलेला होता. पाइप, बादली, पाकीट, काडी, सगळ्यांसकट. वऱ्हाडातला कुणीतरी पाहुणा त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्याने विचारलं, ही सिंहीण कुठली? तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. आधी त्यांनी घोंगडीवर बोट ठेवलं. "ही माजी," म्हणाले. मग बोट गजांवरून पलीकडे नेलं आणि काचेवर टेकवलं.

"आन् हितं माजा भाऊ हाय."

आबा मांडवाबाहेर कुणाची तरी बुजलेली बैलजोडी शांत करत होते, त्यांना हे ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन पाहिलं. तात्यांच्या बोटाखाली गवत नव्हतं, आबा होते.